शून्य मीटरवरचा कुलूपवाला

"शर्टाच्या खिशात बघितलंत?"

"बघितलं."

"पँटच्या?"

"दोन्ही बघितले. अगं, उलटे करून बघितले!"

"मग आता तोंड उघडा, तिथेही बघते," काकू म्हणाल्या.

सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि गल्लीतले एकुलते एक कुलूपवाले, ज्यांना लहानथोर सगळे किल्लीकाका म्हणत, ते स्वतःच्या बंद दुकानापुढे स्वतःचे खिसे उलटे करून उभे होते. पायरीवर खिशातला सगळा ऐवज मांडलेला होता. मोजमापाची टेप, खडूचा तुकडा, जुना बटणांचा फोन, चष्म्याचं रिकामं घर, आणि काल संध्याकाळी दुकान बंद करून ते नव्या इमारतीत दारं मोजायला गेले होते त्या मापांचा कागद. किल्ली तेवढी नव्हती. घरी गादीखाली, बेसिनमागे, तांदळाच्या डब्यात, सगळीकडे बघून झालं होतं. तांदळाच्या डब्यात का, असं काकूंनी विचारलं तेव्हा काकांना सांगता आलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कुलूपवाल्याची किल्ली हरवली तर त्यात काय एवढं? हत्यार घ्यायचं, कुलूप उघडायचं, मोकळं व्हायचं. तर इथेच घोडं पेंड खात होतं. हत्यारं दुकानात होती. दुकानाला कुलूप होतं. आणि ते कुलूप साधंसुधं नव्हतं, ते घुमं होतं.

घुमं हे काकांनी स्वतः घडवलेलं कुलूप. कितीही टोचा, हलवा, ठोका, आतून एक आवाज येईल तर शपथ, म्हणून हे नाव. दुकानाच्या पाटीवर काकांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, 'किल्लीशिवाय उघडणार नाही'. त्याला दुसरी किल्ली करायलाही ते तयार नसत. "दुसरी किल्ली म्हणजे दुसरं तोंड. गुपित राहत नाही," असं ते गेली तीस वर्षं येईल त्याला ऐकवत आले होते. काकूंना तर रोजच.

"अकरा वाजता त्या इमारतीचे सेक्रेटरी यायचेत," काका पायरीवर बसत म्हणाले. "चौसष्ट दारं आहेत, अगं. चौसष्ट घुमी! आणि मी त्यांना दाराबाहेर बसून सांगणार, की या साहेब, माझी किल्ली हरवली आहे, तुमच्या चौसष्ट घरांची सुरक्षा माझ्यावर सोपवा."

हे मात्र खरं होतं. चौकातल्या नव्या इमारतीचं काम काकांना मिळालं तर दुकान चालणार होतं. नाही मिळालं, तर महिनाअखेर शटर कायमचं खाली ओढायचं हे नवराबायकोत ठरून गेलं होतं. वर्षभरात गिऱ्हाईक इतकं आटलं होतं, की काका स्वतःचीच कुलपं काढून तेल घालत बसत. लोकांच्या किल्ल्या हरवायच्याच थांबल्या की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं. खरं तर त्याहून वाईट वाटायला लागलं होतं. आपले हात आता कुणाला नकोत, असं वाटायला लागलं होतं. पण ते काकूंना सांगायचं म्हणजे जरा जड जायचं.

"समोरच्या शिंप्याकडे कात्री मागू का?"

"माग! म्हणजे दहा मिनिटांत सगळ्या गल्लीला कळेल. लोहाराची विळी बोथट!"

काकू पिशवीतून आपला मोबाईल काढून म्हणाल्या, "दुसरा कुलूपवाला बोलवू. लांबचा, परका. त्याला काय ठाऊक तुम्ही कोण? गिऱ्हाईक म्हणून उभे राहा, त्याची हत्यारं पाच मिनिटं मागून घ्या."

"माझ्या जन्मात मी दुसऱ्या कुलूपवाल्याला..."

"अकरा वाजता सेक्रेटरी येणारेत."

"शोध," काका म्हणाले.

काकूंनी मोबाईलवर 'जवळचा कुलूपवाला' असं टाकलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अहो, आहे की! चांगला नावाजलेला दिसतोय. 'आपला गल्लीतला कुलूपवाला. तीन पिढ्यांचा विश्वास. चोवीस तास उघडे.' पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे."

"आपल्या गल्लीत? कुठे?"

"शिंप्यासमोर, निळं शटर."

दोघांनी एकाच वेळी मान वळवून मागे बघितलं. समोर शिंपी होता. मागे निळं शटर होतं.

"दाखव इकडे," म्हणून काकांनी मोबाईल हिसकावला. फोटो त्यांच्याच दुकानाचा होता. त्यांचंच स्टूल, त्यांचीच पाटी, फक्त पाटीवरचं नाव धूसर केलेलं. आणि पायरी झाडणारा एक पाठमोरा माणूस.

"हा मी आहे!"

"तुम्हीच. तो स्वेटर मी विणलाय."

"तीन पिढ्या कुठून आणल्या यांनी? आमचे वडील पोस्टात होते!" काका उभेच राहिले. संतापायला हवं होतं, पण काकांचा स्वभाव असा, की बंद असलेली कुठलीही गोष्ट दिसली की रागाआधी त्यांना ती आतून कशी आहे हे बघायची घाई. "म्हणजे माझ्या दुकानात आणखी कुणीतरी बसतो? चोवीस तास? आणि मला दिसत नाही? लाव. लाव फोन. बघू तरी कोण आहे तो."

काकूंनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून एका मुलीचा अगदी गोड आवाज आला. काकूंनी पत्ता सांगितला, दुकानाला कुलूप आहे, किल्ली हरवली आहे, असं सांगितलं.

"काळजी करू नका मॅडम. आम्ही तुमच्या अगदी शेजारीच आहोत."

"किती शेजारी?"

"खूपच शेजारी मॅडम. लाईनवर राहा, आमच्या स्थानिक तज्ज्ञांशी बोलून लगेच सांगते." आणि फोनवर बासरी सुरू झाली.

बासरी दोनच सूर वाजली असेल नसेल, तोच पायरीवर काकांचा बटणांचा फोन किणकिणला.

"नमस्कार सर! तुम्ही कुलपाची कामं करता ना? तुमच्या दुकानाच्या पाटीवरून नंबर मिळाला. तुमच्या भागात एक अर्जंट काम आहे, घ्याल का?"

तोच गोड आवाज. काकू आ वासून बघत राहिल्या. एका कानाला बासरी, दुसऱ्या कानाला नवऱ्याला आलेला फोन.

"काम कुठलं?" काकांनी जपून विचारलं.

"एका दुकानाचं कुलूप उघडायचंय सर. किल्ली हरवली आहे."

"अरेरे. कसला बेजबाबदार माणूस असेल," काका म्हणाले. काकूंनी कपाळावर हात मारला. "बरं, पण बाळ, तुम्ही बोलता कुठून?"

"तुमच्याच गल्लीतून सर. स्थानिक कंपनी आहे आमची."

"हो का? आत्ता पाऊस आहे का हो आपल्या गल्लीत?"

"बारीक बारीक आहे सर," ती म्हणाली. वर कडक ऊन पडलं होतं.

"बरं. माझ्याकडे आत्ता हत्यारं नाहीत. त्याचं काय?"

"आमच्या स्थानिक ऑफिसमधून घ्या ना सर! शिंप्यासमोर, निळं शटर."

"त्या ऑफिसला तर कुलूप दिसतंय."

"असं कसं सर, ऑफिस चोवीस तास उघडं असतं."

"मी पायरीवरच उभा आहे. कुलूप आहे, बाई."

"मग सर, तुम्ही एखाद्या कुलूपवाल्याला..." मुलगी बोलता बोलता थांबली. हे वाक्य आपल्याला कुठे घेऊन चाललंय ते तिलाही कळलं असावं. "सर, तुम्ही काम घेतलं असं मी लिहिते हं," असं घाईघाईनं म्हणून तिनं फोन ठेवला. लगेच काकूंची बासरी बंद झाली.

"मॅडम, तज्ज्ञ मिळाले! खूप अनुभवी आहेत."

"स्वभावानं कसे आहेत हो?" काकूंनी काकांकडे बघत विचारलं.

"चांगले आहेत मॅडम. फक्त प्रश्न फार विचारतात."

"आमच्याकडेही एक आहेत तसेच," काकू म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर काका स्टुलाशिवाय, नुसत्या पायरीवर, बराच वेळ विचार करत बसले. "अगं," ते हळूच म्हणाले, "म्हणजे लोक मलाच शोधत होते की काय वर्षभर? शोधतात मला, आणि लागते ती बासरी?"

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना एकदम भरून आलं होतं. पण भरून यायला फार वेळ मिळाला नाही, कारण कोपऱ्यावरून सेक्रेटरी येताना दिसले. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

सेक्रेटरी म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. एक हात कोटाच्या खिशात आणि दुसऱ्या हातात कागद, अशी त्यांची चालायची पद्धत. "जरा लवकरच आलो," ते म्हणाले. "काय आहे काका, माझ्याकडे दोन जणांचे प्रस्ताव आहेत. एक तुमचा, एक या कंपनीचा. आणि दोन्हीवर पत्ता एकच! रात्रभर मला हे गणित सुटलं नाही. म्हटलं, जाऊन बघावं." मग त्यांनी शटरकडे पाहिलं. "दुकान बंद?"

काकांनी पायरीवरचा खडू उचलून खिशात टाकला, बाहेर काढला, परत टाकला.

"बंद नाही, परीक्षा आहे," काकू म्हणाल्या.

"परीक्षा?" मास्तरांचे डोळे चमकले.

"ही कंपनी म्हणते, कुठलंही कुलूप दहा मिनिटांत उघडतो. आम्ही म्हटलं, बघू या. हे आमचं घुमं, मुद्दाम लावून ठेवलंय. त्यांचा माणूस बोलावलाय. तुमच्या चौसष्ट दारांवर जे बसवायचं, ते तुमच्या डोळ्यांदेखत तपासलेलं बरं, नाही का?"

सेक्रेटरी काकूंकडे बघत राहिले. कोटातला हात किंचित हलला, पण बाहेर आला नाही. "उत्तम कल्पना आहे वहिनी," ते म्हणाले, आणि शिंप्याकडून खुर्ची मागून रस्त्याच्या कडेला बसले. खुर्ची बाहेर आल्यावर शिंपीही बाहेर आला.

काकूंनी काकांना बाजूला घेतलं. काका चिडून कुजबुजले, "अगं, कसली परीक्षा? कंपनीचा माणूस मीच आहे ना!"

"ठाऊक आहे मला. पण दुसरं सुचलं नाही."

"आणि मी समजा हेअरपिन घेऊन खटपट केली, उघडलं कुलूप, तर कुलूप नापास. नाही उघडलं, तर मी नापास. इकडे आड, तिकडे विहीर!"

तेवढ्यात काकूंचा मोबाईल वाजला. काकूंना थांबवता येण्याआधी सेक्रेटरींनी मान लांब करून संदेश मोठ्यानं वाचला. "'तुमचे तज्ज्ञ पोहोचले आहेत. अंतर शून्य मीटर.' कुठे आहेत?" त्यांनी गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं. शिंप्यानंही पाहिलं. गल्लीत या चौघांशिवाय एक मांजर तेवढं होतं.

"शून्य मीटर म्हणजे गणितात अगदी इथे," सेक्रेटरी म्हणाले आणि काकांकडे टक लावून बघू लागले.

"मी जरा बघून येतो," म्हणून काका कोपऱ्यामागे सटकले आणि तिथून त्यांनी फोन लावला.

"सर, तुम्ही पोहोचलात ना?"

"पोहोचलोय. पण मला जमणार नाही. दुसरा माणूस पाठवा."

"काय झालं सर? गिऱ्हाईक त्रास देतंय का?"

"बाई फार हुशार आहे," काका कळवळून म्हणाले. "तिच्यापुढे माझं काही चालत नाही."

"समजलं सर. दुसरे स्थानिक तज्ज्ञ पाठवते. जवळच आहेत."

जवळचे तज्ज्ञ यायला पावणेदोन तास लागले. तोवर दोन वेळा चहा झाला, शिंप्याचं एकही बटण लावून झालं नाही, आणि सेक्रेटरींनी काकांना कुलपाच्या पोटातली प्रत्येक पट्टी कशी असते, स्प्रिंग कुठे बसते, हे खोदून खोदून विचारलं. काका आधी भीत भीत बोलत होते. मग ते विसरलेच की आपण दाराबाहेर आहोत. खडू काढून त्यांनी सगळ्या पायरीवर घुम्याची आकृती काढली. सेक्रेटरी खुर्ची सोडून पायरीशी उकिडवे बसले. "वा! म्हणजे सातही पट्ट्या एकाच वेळी एका रेषेत आल्या पाहिजेत. समीकरणच आहे की हे!" काकू लांबून बघत होत्या. वर्षभरात नवरा इतकं एकदम बोललेला त्यांनी ऐकला नव्हता.

शेवटी एक धुळीनं माखलेली मोटारसायकल आली. तिच्यावरून चाळिशीचा एक घामाघूम गृहस्थ उतरला आणि काकांनाच विचारू लागला, "काका, इथे कंपनीचं ऑफिस कुठे आहे हो? मला तिथून ड्रिलचं बिट घ्यायचंय. फोनवर म्हणाले, शिंप्यासमोर."

"ऑफिसलाच कुलूप आहे," काका म्हणाले. "तेच उघडायला तुम्हाला बोलावलंय."

गृहस्थानं कुलूप पाहिलं, शटर पाहिलं, कागदावरचा पत्ता पाहिला आणि विचार करणं सोडून दिलं. दोन गावं ओलांडून आल्यावर माणूस फार विचार करत नाही.

त्यानं आधी वाकड्या तारांचे आकडे घालून पाहिले. घुमं गप्प. मग हातोडीनं टिचक्या दिल्या. घुमं गप्प. मग त्यानं बॅटरीवरचं ड्रिल काढलं, आणि काका जागच्या जागी वळवळू लागले. आपलं पोर डॉक्टरपुढे बसवल्यासारखं त्यांना झालं होतं. घर्रर्र आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, आणि टण्णकन बिट मोडलं.

"आत पोलादाची चकती आहे," काका न राहवून म्हणाले.

"आधी सांगायचं ना!"

"परीक्षेत उत्तर सांगायचं नसतं," सेक्रेटरी मागून म्हणाले.

दुसरं बिटही मोडलं. गृहस्थानं ड्रिल खाली ठेवलं आणि पाणी मागितलं. पाणी पिता पिता तो म्हणाला, "खरं सांगू का, मी मूळचा कपडे धुवायच्या मशीनवाला. कुलपं दोन वर्षांपासून करतो. कंपनी फोन करते, मी जातो. प्रत्येक गावात मी स्थानिक! मागच्या आठवड्यात एका म्हातारीनं विचारलं, कुणाचा रे तू? तर सांगता येईना मला."

"मग या कुलपाचं काय करायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मला विचाराल तर काही करू नका. ज्यानं हे केलंय ना, त्याला शोधा आणि त्याच्याकडूनच घ्या. बाकीची मी रोज उघडतो, साहेब. माझ्या घराला लावीन तर हेच लावीन." त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "राहतो कुठे तो माणूस?"

"जवळच," काकू म्हणाल्या. "अगदी शून्य मीटरवर."

मोटारसायकल गेली. शिंपी आत गेला. सेक्रेटरी उठले, खुर्ची नीट शिंप्याच्या दारात ठेवून आले आणि हातातल्या दोन कागदांपैकी एक त्यांनी चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"कुलूप पास," ते म्हणाले. "आता उघडा दुकान. मला आतलं काम बघायचंय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी काकांनी एक मोठा श्वास घेतला. "साहेब, खोटं नाही बोलणार. परीक्षाबिरीक्षा काही नव्हती. किल्ली हरवली आहे माझी. सकाळपासून शोधतोय. तो तज्ज्ञही आधी मीच होतो. आता तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा."

सेक्रेटरींनी पुन्हा कोटाच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला. हातात लांब दांड्याची पितळी किल्ली होती.

"काल आमच्या चौथ्या मजल्यावर दार मोजताना खिडकीत ठेवलीत. वॉचमननं आणून दिली."

"म्हणजे तुमच्याकडे... सकाळपासून?"

"तीच द्यायला लवकर आलो होतो. आणि आता तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मीही सांगतो, नाही म्हणायलाच आलो होतो. जो स्वतःची किल्ली विसरतो, त्याच्या हातात चौसष्ट घरं कशी द्यायची? पण वहिनींनी पेपर काढला. पेपर चालू असताना मी कधी मध्ये बोललेलो नाही." त्यांनी पायरीवरच्या खडूच्या आकृतीकडे पाहिलं, ती पुसू नये म्हणून पाय उचलून पलीकडे ठेवला. "काम तुमचं, काका. चौसष्टच्या चौसष्ट. फक्त एक अट आहे."

"सांगा साहेब. कुठलीही."

सेक्रेटरींनी काकांचा पुढे आलेला हात ओलांडला आणि किल्ली काकूंच्या तळहातावर ठेवली.

"कुलपं यांनी करायची. किल्ल्या तुमच्याकडे."

काका शटरसमोरून बाजूला झाले. काकू पुढे झाल्या. घुम्यानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातानं किल्ली फिरवून घेतली. त्याही वेळी ते आतून काही बोललं नाही, नुसतं उघडलं.